मैदान मिळणार नाही

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही स्टेडियमवर होतात म्हणे. म्हणजे नेमकं काय करत होतात?" मी खेळाडू नव्हते, प्रशिक्षक नव्हते, पंच तर नव्हतेच. मग खरं ते सांगते. म्हणते, "नाही म्हणत होते." लोक हसतात. त्यांना वाटतं, शनिवार पेठेत वाढलेली बाई आहे, तिरकं बोलायचंच. पण यात तिरकं काही नाही. स्टेडियमचं निम्मं काम म्हणजे गवत वाढवणं आणि उरलेलं निम्मं म्हणजे ते गवत मागायला आलेल्यांना परत पाठवणं. पहिलं माळी करायचे. दुसरं माझ्याकडे होतं आणि ते मी अगदी मन लावून केलं.

मी तिथे गेले ती शिक्षा म्हणून. स्टेडियम ज्या मंडळाचं, त्याच्या शनिवार पेठेतल्या कचेरीत मी होते. एका गृहस्थांना मी म्हटलं, "जेवायची सुट्टी पाटीवर लिहिली आहे, वाचता येत असेल तर वाचा." ते गृहस्थ कुणाचे तरी मेव्हणे निघाले. आठवड्याभरात मी शहराच्या पूर्वेच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखालच्या एका खोलीत, व्यवस्थापक म्हणून बसले होते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एका बाजूला किती जण असतात हेही मुकादमाला विचारावं लागलं. मुकादम नामदेव. त्याने न हसता सांगितलं, म्हणून तेव्हापासून आमचं जमलं.

फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'बहुउद्देशीय क्रीडांगण'. हा शब्द ज्याने कुणी तिथे लिहिला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. बांधणाऱ्यांच्या मनात साधं होतं. मधे फुटबॉलचं मैदान, भोवती पळायचा ट्रॅक, गॅलरीखाली कबड्डीचा आणि कुस्तीचा हॉल. पण लोकांनी पाटीवरचं तेवढं 'बहु' वाचलं. साखरपुडा, सत्संग, वधू-वर मेळावा, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, आंबा महोत्सव, सगळ्यांना मैदान हवं, आणि तेही ऐन मधोमध, हिरवळीवर. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की माणसाला मांडव सुचतो. मुलं खेळत असली तरी ती जागा लोकांच्या लेखी मोकळीच असते.

एक वरपिता आले होते, बिबवेवाडीचे, म्हणजे मी आता राहते त्याच भागातले. त्यांना नवरदेवाची घोडी मैदानाच्या मधल्या वर्तुळात गोल फिरवायची होती आणि वरून ड्रोनने शूटिंग करायचं होतं. मी विचारलं, "घोडीने मधेच शेण टाकलं तर?" ते म्हणाले, "अहो बाई, खतच होईल की तुमच्या गवताला." उत्तर चांगलं होतं, मी त्यांना चहा दिला. मैदान दिलं नाही.

सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक हा वेगळाच विषय. ट्रॅकवर चाला, कुणाची ना नव्हती. पण एका डॉक्टरने कुठेतरी सांगितलं होतं की दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चाललं की डोळ्यांचा नंबर उतरतो. झालं. सगळे चपला हातात घेऊन हिरवळीवर. एका निवृत्त अधिकाऱ्यांना मी अडवलं तर ते म्हणाले, "मी या शहराचा करदाता आहे." मी म्हटलं, "मग आपल्याच पैशांवर पाय देताय, जरा जपून." ते आठवडाभर आले नाहीत. परत आले तेव्हा ट्रॅकवरून चालत होते, माझ्या खोलीसमोर आले की मान दुसरीकडे वळवायचे, आणि नंबर अर्थातच तेवढाच होता.

आणि ते अंडाकृती चेंडूवाले. आयटीत काम करणारी तरणी पोरं, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पेटाऱ्याएवढी चिलखतं. अमेरिकेत खेळतात तो फुटबॉल त्यांना खेळायचा होता. मला पोरं आवडली. घाम गाळायला आली होती, मांडव घालायला नव्हे. रविवारची दुपार देऊन टाकली. घोटाळा झाला तो रेघांचा. मैदानावरच्या रेघा आम्ही फक्कीने मारतो, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. या पोरांच्या खेळाला आडव्या रेघाच रेघा लागतात, वहीच्या पानासारख्या. पावसाची चिन्हं होती म्हणून त्यांनी नामदेवला गळ घातली आणि नामदेवने चक्क ऑइलपेंटने रेघा ओढून दिल्या. पुढच्या शनिवारी शाळांची मॅच. गोलकीपर पोरगा भलत्याच रेघेपर्यंत पुढे गेला आणि आपण अजून आपल्या चौकटीतच आहोत असं समजून त्याने चेंडू मजेत हातात घेतला. पंचांनी शिट्टी मारली. पोरगा रडकुंडीला. त्याचे पालक माझ्या खोलीत. रंग गवतावरून निघेना, शेवटी गवतच कापून काढलं. नंतर मी मंडईतून रांगोळीवाल्याकडचा निळा रंग आणला. त्या पोरांच्या रेघा निळ्या, बाकीच्यांच्या पांढऱ्या, आणि निळ्या रेघा रविवारी संध्याकाळी पाइपने धुऊन टाकायच्या. अजूनही तसंच चालतं म्हणे.

हे सगळं सांगते ते अशासाठी, की मी कुणालाच मैदान देत नव्हते असा एक समज आहे. खेळायला आलेल्या माणसाला मी कधी परत पाठवलं नाही. मग तो कुठल्याही आकाराचा चेंडू घेऊन येवो.

आता गवताबद्दल दोन शब्द, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. बघणाऱ्याला हिरवळ म्हणजे सतरंजी वाटते, उचलली आणि परत अंथरली. खाली जिवंत मुळं असतात. पावसाळाभर मैदान बंद ठेवून ती मुळं धरू द्यायची. गोलच्या तोंडाशी सगळ्यात आधी टक्कल पडतं, तिथे माळीणबाया उकिडव्या बसून हाताने गवताची एकेक चूड, म्हणजे मुळासकट जुडी, लावतात. पाऊस सरला की माती भुसभुशीत असते, ती बेताची ओली असताना रोलर फिरवायचा. फार ओली असली तर चिखल दाबला जातो आणि मुळं गुदमरतात. हे सगळं जमून येतं ते साधारण नवरात्राच्या सुमाराला. मैदान तेव्हा नुकतंच उठून बसलेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच सगळ्या शहराला दांडिया खेळायचा असतो.

त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याकडे ठरला होता, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. एक संघ शहरातल्या नामांकित शाळेचा. दुसरा मांजरी गावाचा. मांजरीचा संघ म्हणजे सुरेखाताईंचा. या सुरेखाताई गावात पिठाची गिरणी चालवायच्या. तरुणपणी कबड्डी खेळलेल्या. गिरणीसमोर पोरी चेंडू लाथाडताना बघून त्यांनी फुटबॉलचे नियम मोबाइलवर शिकून घेतले आणि ऊस तुटलेल्या रानात पोरींना उभं केलं. उसाच्या बुडख्यांवर पळून त्या पोरींच्या नडग्या नेहमी सोललेल्या. पहिल्यांदा आमच्या मैदानावर सरावाला आल्या तेव्हा संघाची कॅप्टन ऋतुजा खाली वाकून गवतावर तळहात फिरवत राहिली. सुरेखाताई ओरडल्या, "आगं, म्हैस हाय का ती, कुरवाळतीस काय! पळ!"

ऋतुजाचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. अंतिम सामना बघून जिल्ह्याचा संघ निवडणार होते, आणि निवड समितीचं कुणी मांजरीच्या रानात येणार नव्हतं. त्या पोरींना बघायची समितीला ती एकच संधी होती.

नवरात्र सुरू व्हायच्या सुमारास बंटी आला. हा भाऊंचा माणूस. भाऊंचं नाव लिहीत नाही. पुण्यात भाऊ पुष्कळ आहेत, ज्यांना स्वतःला लावून घ्यायचं असेल त्यांनी घ्यावं. बंटी इव्हेंट मॅनेजमेंट करायचा. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला.

"मॅडम, फक्त वन नाइट. खंडेनवमीला गरब्याची ग्रँड फिनाले. आम्ही फुल कार्पेट टाकतोय, ग्रासला टचसुद्धा होणार नाही."

"कार्पेटवर माणसं असतील का?"

"ऑफकोर्स मॅडम! क्राउड तर असणारच."

"मग ती तरंगणार आहेत का?"

बंटी हसला. त्याला राग येत नसे, हा त्याचा गुण. म्हणाला, "मॅडम, वरून ओके आलेलं आहे."

हे 'वरून' म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. मंडळात कागद असतो आणि फोन असतो. जे काम उघड करता येत नाही ते फोनवर सांगतात. ते पार पडलं की मागाहून कागद निघतो, त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. म्हणजे आधी मांडव, मग परवानगी. आणि मधल्या काळात काही बिनसलं तर फोन कुणी केला हे कुणालाच आठवत नाही. मला फोन आलाच. मी म्हटलं, "लेखी पाठवा." पलीकडचे म्हणाले, "दसऱ्यानंतर पाठवतो." मी म्हटलं, "मग मैदानही दसऱ्यानंतर मागा. आत्ता मॅच आहे." पलीकडून फोन आपटला.

स्पर्धेच्या आयोजकांनाही कुणीतरी फोन केला असावा. त्यांचे सचिव माझ्याकडे आले, गरीब स्वभावाचे, रुमालाने मान पुसत. म्हणाले, "मैदान खराब झालं तर सामना रद्द करावा लागेल. दुसरं मैदान या दिवसांत मिळत नाही. मग चिठ्ठी टाकून विजेता ठरवू. आणि निवड शाळांच्या शिफारशीवर." सुरेखाताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या पोरींची शिफारस कोण करनार? गिरणी?" सचिवांनी रुमाल पुन्हा मानेवरून फिरवला. मला फार संताप आला होता एवढं आठवतं. पोरी वर्षभर रानात पळणार आणि त्यांचं भवितव्य डब्यातल्या चिठ्ठीत.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. सगळीकडेच होते, पण आमची बघण्यासारखी. गवत कापायचं यंत्र, फक्कीची गाडी, पाइप, खुरपी, गोलच्या जाळ्या, सगळं धुऊन पुसून मैदानाच्या कडेला ओळीत मांडतात. त्यात मानाचा रोलर. डिझेलवर चालणारा, जुना, अवाढव्य, आणि स्वभावाने माझ्यासारखा. त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. एकदा पूजा झाली की त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करायची, मग कामाला घ्यायचं. नामदेवच्या आधीच्या मुकादमापासून चालत आलेलं. मी तिथे गेल्यापासून हे एकदाही मोडलेलं बघितलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी पोचले तर मोठ्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग. लोखंडी पाइप, लाकडी फळ्या, स्पीकरच्या भिंती. रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ. आणि फाटकाच्या बरोबर मधोमध रोलर उभा, कपाळभर कुंकू लावून, माळ घालून. पुढे नारळ फोडलेला, उदबत्त्या जळतायत, नामदेव आणि त्याची माणसं हात जोडून उभी.

झालं होतं असं. रोलरची शेड फाटकाबाहेर होती. पूजेसाठी तो आत आणत होते आणि ऐन फाटकात तो बंद पडला. पूजेची वेळ टळत होती, तो काही केल्या सुरू होईना, म्हणून नामदेवने होता तिथेच त्याची पूजा केली. ट्रक आले ते आरती चालू असताना. आत जायला ट्रकाएवढं दुसरं फाटक नाही.

बंटी घामाघूम होऊन माझ्याकडे धावत आला. "मॅडम, धिस इज टू मच! क्रेन बोलावलीय मी. दहा मिनिटांत बाजूला करतो."

"बोलवा," मी म्हटलं. "पण पूजा झालेल्या अवजाराला कोण हात लावणार, ते आधी ठरवा."

बंटीने आपल्या माणसांकडे बघितलं. त्यातला सगळ्यात दांडगा होता तो पुढे झाला, रोलरपर्यंत गेला, आणि नारळ बघून त्याने चपला काढून नमस्कारच केला. बाकीच्यांनीही केला. क्रेनवाला आला. रोलरच्या गळ्यातली माळ बघून बंटीला म्हणाला, "दादा, आज नको. घरी माझ्या पण पाने-पकडी मांडल्यात पूजेत." नवमीच्या दिवशी क्रेन रस्त्यावर काढली म्हणून आधीच बायको बोलली होती, असंही त्याने सांगितलं.

मग नामदेव माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, रोलर सुरू व्हईल आता, नळीत कचरा अडकलावता, काढला म्या. तुमी म्हनत असाल तर आत्ताच उत्तरपूजा करतो. अक्षता टाकल्या, देवाला सांगितलं, की हलवाय येतं. दोष न्हाई त्यात." नामदेव आणि त्याची माणसं रोजंदारीवर होती. भाऊंनी मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी बसवलं असतं. त्याला ते ठाऊक होतं, तरी त्याने निर्णय माझ्यावर सोडला.

मी त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उत्तरपूजा उद्या. रोलर आज हलणार नाही. मी सांगतेय."

थोड्या वेळाने भाऊ स्वतः आले. पांढरे कपडे, मागे मोबाइल उगारलेली पोरं. गाडीतून उतरले, परिस्थिती एका नजरेत पाहिली. माणूस हुशार होता, नाहीतर तिथवर पोचला नसता. रोलरपुढे जाऊन दोन्ही हात जोडले, फोटो काढून घेतला आणि मग माझ्याकडे वळले.

"बाई, कधी हलवणार?"

"उद्या, उत्तरपूजा झाल्यावर."

"आमचा कार्यक्रम आज आहे."

"माहीत आहे. मैदान मिळणार नाही हे बंटीला तेव्हाच सांगितलं होतं."

"तुम्ही फार पुढे चाललात."

"नाही भाऊ. मी जागेवरच आहे. रोलरसुद्धा."

त्यांच्या मागचं एक पोरगं फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मला भीती वाटत होती, ती लपवायला मी पदर खोचून उभी होते. मग भाऊ गाडीत बसले. ट्रक उलटे फिरवायला दुपार झाली. गरब्याची फिनाले म्हणे एका लग्नाच्या लॉनवर झाली आणि छान झाली. म्हणजे जागा होती. आमचंच गवत हवं होतं असं काही नव्हतं.

सामना झाला. निवड समिती गॅलरीत बसली होती, डोक्यावर टोप्या घालून. मांजरीहून टेम्पो भरून माणसं आली होती, पोरींचे बाप, आज्या, गिरणीतल्या गिऱ्हाइकिणी. सुरेखाताई रेघेला खेटून इतक्या ओरडत होत्या की पंचांनी त्यांना दोनदा समज दिली. ऋतुजा अशी खेळली की मला फुटबॉल कळतो असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. शेवटच्या काही मिनिटांत शहरातल्या शाळेने गोल केला आणि मांजरी हरली.

जिल्ह्याच्या संघात मांजरीची एकच मुलगी घेतली, गोलकीपर. ऋतुजा नाही. मला हे अजून पटत नाही, आणि ज्यांनी निवड केली त्यांना मी तेव्हा तोंडावर सांगितलंही. ऋतुजा रडली, मग बाकीच्या पोरींना पाणी वाटायला गेली. सुरेखाताई माझ्या खोलीत आल्या, खुर्चीत बसल्या, चहा घेतला. मी म्हटलं, "वाईट झालं." त्या म्हणाल्या, "हारलो ना? मंग बोला, हारलो. खेळून हारलो बाई. चिठ्ठीत न्हाई." आणि बशीतला उरलेला चहा पिऊन टेम्पो भरायला उठल्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. मला तिथून हलवलं. नोकरीची शेवटची वर्षं मी मंडळाच्या गोदामात जुन्या खुर्च्या आणि फाटके बॅनर सांभाळत काढली. नामदेवला मात्र कुणी हात लावला नाही. तो अजून तिथेच आहे. मैदान नवरात्रात मांडवांना बंद असतं. माझ्या जागी आलेले गृहस्थ मला एकदा भेटले. भिडस्त माणूस, कुणाला वाकडं बोलू न शकणारा. म्हणाले, "बाई, मला तुमच्यासारखं तोंड चालवावं लागतच नाही. मैदान मागायला आले की मागच्या वेळचं उत्तर दाखवतो. लोक चिडतात, पण जातात." माझी खंत एकच. त्या गवतावर इतकी वर्षं दुसऱ्यांना पळताना बघितलं, स्वतः एकदाही चेंडूला पाय लावला नाही. कुणी अडवलं नव्हतं. अडवणारी मीच होते.

ते मागच्या वेळचं उत्तर कसं लिहिलं गेलं, तेवढं सांगायचं राहिलं आहे.

सामन्यानंतर लवकरच मला चौकशीला शनिवार पेठेतल्या कचेरीत बोलावलं. साहेब माझ्या ओळखीचे. सज्जन, निवृत्तीला आलेले, कुणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांनी माझ्यासाठी खुलासा टाइप करूनच ठेवला होता. माझ्यापुढे सरकवला आणि चहा मागवला.

मी वाचला. 'रोलरमध्ये अचानक यांत्रिक बिघाड झाल्याने प्रवेशद्वार बंद राहिले व कार्यक्रमास मैदान उपलब्ध होऊ शकले नाही.'

"सही करा आणि सुटा," साहेब म्हणाले. "भाऊंशीही बोलून ठेवलंय. बिघाड म्हटलं की त्यांचाही मान राहतो. कुणाचं काही जात नाही."

"साहेब, यात मॅच कुठे आहे?"

"मॅच कशाला हवी यात?"

"मॅच होती म्हणून मैदान दिलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, रोलर बंद पडला हे खरं की खोटं?"

"खरं."

"मग?"

"तो थोड्या वेळाने सुरू होत होता. मुकादमाने मला विचारलं, उत्तरपूजा करून हलवू का. मी नको म्हटलं. हेही खरं. आणि विचारायचं काम त्याचं, नको म्हणणारी मी. तेही त्यात घाला, म्हणजे उद्या त्याच्यावर यायला नको."

"तुम्हाला कळतंय का? हे लिहिलं तर मी तुम्हाला तिथे ठेवू शकणार नाही. मला वरून विचारतील."

"कळतंय."

"मग एवढा हट्ट कशासाठी? मैदान वाचलं, सामना झाला, झालं ना तुमच्या मनासारखं?"

मी म्हटलं, "साहेब, मैदान रोलरने वाचवलं असं तुम्ही लिहिलंत, तर पुढच्या वर्षी रोलर चालू असेल. तेव्हा त्या पोरींना काय सांगायचं?"

खालच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक ऐकू येत होती. चहा आला, तो साहेबांनी माझ्याकडे सरकवला. मग टाइप केलेला कागद उलटा केला, कोरा घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'त्या जागी मुलींचा अंतिम सामना नियोजित असल्याने व्यवस्थापकांनी अन्य कार्यक्रमासाठी मैदान देण्यास नकार दिला.' खाली मुकादमाबद्दलची ओळ घातली. वाचून दाखवलं. विचारलं, "असं चालेल?"

मी म्हटलं, "आता चालेल," आणि सही केली. ती नेहमीपेक्षा बरीच मोठी आली, अर्ध्या कागदावर पसरली. साहेब म्हणाले, "अहो, जरा जागा ठेवा, मलाही खाली सही करायची आहे."